गोरोबाकाकांची थापटी आणि काशानची निळाई

येडशी म्हटले की लोकांना रामलिंगाचा घाट आठवतो. मला त्याबरोबर शेजारचे तेरही आठवते. तेर हे संत गोरोबाकाकांचे गाव. काकांनी थापटीने एकेका संताच्या डोक्यावर ठोकून मडके कच्चे की पक्के ते सांगितले, ही गोष्ट आमच्या भागातल्या हिंदूंच्या आणि मुसलमानांच्या मुलांनी सारखीच ऐकलेली असते. तिच्यातला अध्यात्माचा भाग बाजूला ठेवला, तरी एक कारागिरी उरते. कुंभार माती पारखतो, आणि भाजल्यावर पुन्हा पारखतो.

परंपरेनुसार गोरोबाकाका नामदेवांच्या काळातले, म्हणजे तेराव्या-चौदाव्या शतकातले. त्याच सुमारास, इ.स. १३०१ मध्ये, इराणातल्या काशानच्या अबुल कासिमने रत्नांवर आणि सुगंधी द्रव्यांवर फारसीत एक ग्रंथ लिहिला आणि त्यात मातीकामावर एक प्रकरण घातले. तो स्वतः दरबारी इतिहासकार असला तरी त्याचे घराणे कुंभारांचे होते. मातीचे काम करणाऱ्यांच्या घरातल्या माणसाने आपल्या धंद्याची कृती लिहून ठेवावी, हे त्या काळी दुर्मीळच. झिलईदार फरश्यांना फारसीत ‘काशी’ म्हणतात ते याच काशानवरून. आपल्या गंगाकाठच्या काशीशी त्याचा संबंध नाही.

अबुल कासिमची कृती अशी : दहा भाग पांढऱ्या गारगोटीची पूड, एक भाग काचेची भुकटी, एक भाग पांढरी माती. म्हणजे मातीच्या भांड्यात मातीच सर्वांत कमी! हे असे का, ते झिलई चढवताना कळते.

झिलई म्हणजे भांड्यावर वितळवलेला काचेचा थर. भट्टीतून निघाल्यावर थर आणि भांडे दोन्ही थंड होताना आकसतात, पण सारखे आकसत नाहीत. थर जास्त आकसला तर त्यावर जाळीसारख्या बारीक चिरा पडतात. भांडे जास्त आकसले तर थर कडेकडेने उडून पडतो. म्हणून आजही जाणता कुंभार वेगवेगळ्या मातीच्या छोट्या वड्या करतो, सगळ्यांवर एकच झिलई लावतो आणि एकाच भट्टीत भाजतो. बाहेर निघाल्यावर एकच झिलई एका वडीवर आरशासारखी दिसते, दुसरीवर तडकलेली असते.

फिरोजी रंग ज्या क्षारयुक्त झिलईत तांब्याने खुलतो, ती झिलई फार आकसते. साध्या लाल मातीवर ती तडकते, शिवाय मातीतल्या लोहाने रंगही मळकट होतो. गारगोटीचे भांडे मात्र तिच्या जोडीने आकसते आणि पांढरेही असते. तांबे तेच ठेवून झिलईत शिसे घातले, तर फिरोजीऐवजी हिरवा येतो. जयपूरची निळी भांडी आजही गारगोटी, काच आणि मुलतानी मातीची होतात, ती याच हिशेबाने.

मग आपल्या तेरच्या कुंभाराला हे येत नव्हते का? तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती आहेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही इथे माती निवडून वापरत होते. आणि पाण्याच्या माठाला झिलई लावणे म्हणजे माठ वाया घालवणे. माठ पाझरतो म्हणून पाणी गार राहते. आपल्या कुंभाराने झिलई लावली नाही, यामागे त्याचे अज्ञान नव्हते, गरज वेगळी होती.

निळाई दख्खनमध्ये मोठ्या दिमाखाने दिसते ती बिदरला, महमूद गावानाच्या मदरशावर. १४७२ च्या सुमारास बांधलेल्या या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या फरश्यांचे काम होते. सतराव्या शतकाच्या अखेरीस दारूच्या स्फोटात इमारतीचा बराच भाग उडाला. आता फरश्यांचे तुकडेच राहिले आहेत. आपल्या जिल्ह्यातला परांडा किल्लाही गावानानेच बांधला असे सांगतात.

गावान गिलानहून आलेला. बहामनी दरबारात बाहेरून आलेले आफाकी आणि इथले दखनी असे दोन तट होते. गावानाने दोघांना समान संधी देण्याचा प्रयत्न केला. १४८१ मध्ये त्याच्या शिक्क्याचे बनावट पत्र सुलतानाला दाखवले गेले आणि वृद्ध वजिराची मान उडवली गेली. दोन्ही तट मुसलमानांचेच होते, हे आज सगळ्यांना एकाच रंगात पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

‘हे सगळे बाहेरून आले’ असे कुणी हिणवून म्हणतो, तर आपल्यातला कुणी तेच वाक्य अभिमानाने म्हणतो. दोघेही फक्त वरचा रंग पाहतात. कृती बाहेरून आली तरी ती जिथे लावायची, तिथली माती, पाणी, सरपण आणि हात नव्याने पारखावे लागतात. ते काम करणाऱ्यांची नावे आपल्याकडे जवळजवळ राहिलीच नाहीत.

बिदरला गेलात तर मदरशाच्या फरशीचा रंग बघाच, पण एखादी फुटकी कडही निरखा. झिलईच्या खाली काय आहे, ते तिथेच दिसते. आणि परतताना तेरला थांबा.