बंद पडणारं इंजिन आणि जेटबोटीची जन्मकथा

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल, की हे गॅरेजमधलं बोलणं इतिहासाच्या व्याख्यानमालेत कसं आलं? चालता चालता बंद पडणारं इंजिन हे मेकॅनिकचं काम, खरंय. पण माझं म्हणणं असं आहे, की जेटबोटीचं इंजिन का बंद पडतं हे शोधायचं असेल, तर ती बोट कुठे आणि कशासाठी जन्मली हे आधी माहीत हवं. तिचे बरेचसे आजार जन्मजात आहेत.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर मॅकेंझी नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे आयरिशमन क्रीक या मेंढपाळीच्या मोठ्या जागेवर विल्यम हॅमिल्टन (१८९९-१९७८) राहत. मेंढ्या होत्याच, शिवाय घरचं वर्कशॉपही होतं. तिथे ते माती हलवायची यंत्रं बनवत. आजूबाजूच्या नद्या बर्फाच्या पाण्याच्या, वेगवान आणि उथळ. पात्रात गोटेच गोटे, आणि प्रवाह दहा फाट्यांत विभागलेला. अशा नदीत पंखा लावलेली मोटरबोट घातली, की पहिल्या गोट्यालाच पंखा तुटणार.

मग पंखा बाहेर ठेवायचाच नाही, असं त्यांनी ठरवलं. बोटीच्या तळातून पाणी आत ओढायचं, पंपानं दाबायचं आणि मागे फेकायचं. ही कल्पना त्यांची नव्हती बरं का. अमेरिकेत जेम्स रम्से यांनी १७८७ मध्येच पोटोमॅक नदीवर वाफेच्या पंपानं पाणी मागे फेकत बोट चालवून दाखवली होती. १८६०च्या दशकात ब्रिटिश नौदलानंही हा प्रयोग केला. पण हॅमिल्टननी ती कामाची करून दाखवली. १९५४ मध्ये त्यांची बोट पाण्यात उतरली. सुरुवातीला ती पाणी तळाखालून सोडत असे. तोंड मागच्या बाजूला, पाण्याच्या पातळीच्या वर आणल्यावर वेग बराच वाढला, आणि खाली गोट्याला आपटायला काही उरलं नाही.

आता या सौद्याची दुसरी बाजू बघा. पंख्याबरोबर सुकाणूही गेलं. जेटबोट वळते ती मागे फेकलेल्या पाण्याची दिशा बदलून. म्हणजे इंजिन बंद, तर धार बंद, आणि धार बंद, तर वळणंही बंद. सुकाणूवाल्या होडीचं इंजिन थांबलं तरी तिचा वेग असेपर्यंत थोडं वळता येतं. जेटबोटीत चाक हातात असतं, पण ते कशालाच जोडलेलं नसल्यासारखं होतं. पुढे खडक असेल तर बोट त्याच्याकडेच जाते. म्हणून जेटबोटवाल्यासाठी इंजिन बंद पडणं ही निव्वळ कटकट नव्हे, जिवाशी गाठ असते.

जन्मजात आजार म्हणालो, ते तीन.

पहिला असा, की इंजिन बहुतेक वेळा मोटारीचं घेतलेलं. मोटारीला उतार मिळतो, सिग्नल मिळतो, समोरून वारा मिळतो. बोटीला उतार नसतोच, आणि इंजिन पेटीत झाकलेलं असतं. पेटीत उष्णता साठली की पेट्रोलची नळीतच वाफ होते, किंवा इग्निशन कॉइल तापून ठिणगी मरते. अर्ध्या तासानं इंजिन पुन्हा छान सुरू होतं, आणि माणूस बुचकळ्यात पडतो. शिवाय बोट उसळते, गर्रकन वळते. त्यात कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल एका बाजूला जातं, टाकीच्या तळाचा गाळ आणि पाणी ढवळून वर येतं. शांत पाण्यात न दिसणारा दोष नेमका खळाळात दिसतो.

दुसरा आजार पंपाचा. छोट्या जेटबोटींत इंजिन आणि पंप बहुधा थेट जोडलेले असतात, मध्ये क्लच नसतो. इंजिन सुरू झालं की पंप फिरायलाच हवा. त्यामुळे आयडलिंग थोडं कमी ठेवलं, तरी थंड इंजिन पंपाच्या ओझ्यानं गुदमरतं.

तिसरा आजार गार करणाऱ्या पाण्याचा. रेडिएटर नाही, पंपाच्या दाबाचंच थोडं पाणी इंजिनातून फिरवतात. नदी गढूळ असली की रेती आत येते, जाळी तुंबते, आणि इंजिन तापून थांबतं. यात एक गंमत आहे. बोट घरी आणून जमिनीवर तपासायची म्हटलं, तर थंड करणारं पाणीच नाही आणि पंपावर ओझंही नाही. दोष नदीत राहतो, बोट घरी येते.

म्हणून पहिली तपासणी पान्यानं नाही, कानानं करायची. बोट मंदावली तेव्हा इंजिनाचा आवाज चढला की पडला? आवाज चढला आणि बोट मात्र ढिली पडली, तर पंपाला पाणी मिळत नाही; खालच्या जाळीत शेवाळ, गवत अडकलंय किंवा कुठून हवा शिरतेय. इंजिन बिचारं निर्दोष आहे. आवाज धडपडत, जड होत पडला, तर इंजिन बंद करून, बॅटरीची तार काढून, शाफ्ट हातानं फिरवून बघा. दोरी किंवा गोटा अडकला असेल. दोन आचके देऊन विझलं, तर इंधनाचा संशय घ्या. टाकीचं झाकण सैल केल्यावर चालायला लागलं, तर हवेचं भोक बुजलंय. आणि खटका बंद केल्यासारखं एका क्षणात मेलं, तर वायरिंग बघा.

ही शिस्त कशासाठी, ते दोन मोहिमांवरून कळतं. १९६० मध्ये जेटबोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या उलट्या दिशेनं चढल्या. चालकांत हॅमिल्टन यांचे चिरंजीव जॉन होते. परतीचं इंधन त्यांनी खाली येतानाच वाटेत ठिकठिकाणी ठेवलं होतं, कारण त्या घळीत पंप कुठला? आणि १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरपासून गंगा चढत निघाले. तीन जेटबोटी होत्या, आणि जॉन हॅमिल्टन इथेही होते. पावसाळ्याच्या पुराचं, गाळानं भरलेलं पाणी. बोटी थेट नंदप्रयागपर्यंत गेल्या. तिथे धबधब्यानं वाट अडवली, आणि पुढचा प्रवास पायी झाला. नदीनं थांबवलं हे महत्त्वाचं. बोटींनी तिथवर साथ दिली.

एक चिठ्ठी आली आहे: "मग दोन इंजिनं का बसवत नाहीत?" चांगला प्रश्न आहे. मोठ्या जेटबोटींत बसवतात. पण हॅमिल्टनना हवी होती ती काही इंच पाण्यावरून जाणारी हलकी बोट. दुसरं इंजिन म्हणजे वजन, आणि वजन म्हणजे बोट खाली बसणार. शिवाय दोन्ही इंजिनं एकाच टाकीतून पेट्रोल पीत असतील आणि टाकीत पाणी असेल, तर दोन्ही बरोबरच बंद पडतील. म्हणून आधी टाकी साफ ठेवा, एक वल्हं बोटीत ठेवा, आणि मग दुसऱ्या इंजिनाचं बोलू.