मास्तरांचा रहाट

वाचकहो, निरनिराळ्या अंकांची एखादी दोन अंकी संख्या घ्या. मोठा अंक आधी मांडा, तिच्यातून उलटी संख्या वजा करा. उत्तराचे पुन्हा तेच. लवकरच ८१, ६३, २७, ४५, ०९, पुन्हा ८१, रहाटच तो! ही रीत देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांची. चार अंकी संख्या मात्र ६१७४ वर थांबते, हे त्यांनी १९४९ साली जाहीर केले. पोरखेळ म्हणून इथले विद्वान हसले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात मास्तरांवर लिहिले. त्याच सदरात १९७० साली इंग्रज गणिती कॉनवे यांचा चौकटींचा खेळ आला होता. दोन-तीन जिवंत शेजारी असले तर चौकट जगते, एरवी मरते. नेमक्या तीन शेजाऱ्यांत नवी जन्मते. तिथेही ओळीतल्या तीन चौकटी आडव्याच्या उभ्या, उभ्याच्या आडव्या होत राहतात. उमापूरच्या माझ्या वर्गात मी आधी मास्तरांचा रहाट फिरवतो.