लिम्फोमाच्या रिपोर्टमधलं ‘सीडी२० पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की काय?

गेल्या वर्षी मामाच्या मानेतल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर आला. सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह, केआय-६७ ८०%. दोन मिनिटांत आईचा फोन. “अरे, दादाचं सगळंच पॉझिटिव्ह आलंय रे!” खरं सांगतो, कोविडच्या सवयीने मीही तसंच वाचलं होतं.

इथे पॉझिटिव्ह म्हणजे ‘वाईट’ नाही. त्या पेशींवर ते प्रोटीन सापडलं, एवढंच.

लिम्फोमा हा लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्याचे डझनावारी प्रकार आहेत आणि उपचार प्रकारानुसार बदलतात. प्रकार ओळखायची सुरुवात होते आकारापासून. काढलेली गाठ फॉर्मेलिनमधून मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवतात, काही मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि रंगवतात: केंद्रकं निळी-जांभळी, बाकी गुलाबी. फॉलिक्युलर लिम्फोमात पेशींचे गोल पुंजके सगळीकडे दाटलेले दिसतात. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये गाठीची मूळ रचनाच पुसलेली असते, नुसत्या मोठ्या पेशी पसरलेल्या. बर्किटमध्ये गडद पेशींच्या मधे फिकट ठिपके, म्हणून त्याला ‘ताऱ्यांचं आकाश’ म्हणतात. हॉजकिनमध्ये रीड-स्टर्नबर्ग पेशी शोधतात, दोन केंद्रकांची, घुबडाच्या डोळ्यांसारखी. नुसत्या सुईने पाणी काढून बऱ्याचदा भागत नाही ते यामुळेच. पेशी येतात, रचना येत नाही. (फोल्डर्स उडवून फक्त फाइल्स पाठवल्यासारखं.)

पण बारीक पेशींचे काही प्रकार दिसायला जवळपास सारखेच असतात. तिथे आयएचसी टेस्ट लागते. ठरावीक प्रोटीनलाच चिकटणारी अँटिबॉडी टाकायची; प्रोटीन असेल तिथे सहसा तपकिरी रंग येतो. सीडी२० म्हणजे बहुधा बी पेशी, सीडी३ म्हणजे टी पेशी. एकट्या मार्करवर निकाल लागत नाही, जोडी बघतात. मँटल सेल आणि एसएलएल, दोन्हींत सीडी५ सहसा पॉझिटिव्ह. मग सायक्लिन डी१ आला तर मँटल, तो नसून सीडी२३ आला तर बहुधा एसएलएल. क्लासिक हॉजकिनमध्ये सीडी३० आणि बहुतेकदा सीडी१५ पॉझिटिव्ह, सीडी२० सहसा नाही.

मला सगळ्यात आवडलेला भाग म्हणजे २००४ चा हान्स अल्गोरिदम. चक्क इफ-एल्स! डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये निदान ३०% पेशींत सीडी१० असेल तर ‘जर्मिनल सेंटर’ गट. नसेल तर बीसीएल६ बघा. तेही नसेल तर ‘नॉन-जर्मिनल’. बीसीएल६ असेल तर एमयूएम१ वर ठरतं: असेल तर नॉन-जर्मिनल, नसेल तर जर्मिनल. मामाचा निकाल पहिल्याच इफमध्ये लागला.

आणि आई ज्याला घाबरली, तो सीडी२०? रिटक्सिमॅब नावाचं औषध नेमकं त्यालाच धरतं. अमेरिकेत १९९७ मध्ये ते मंजूर झालं. मामाला तेच दिलं. केआय-६७ म्हणजे किती टक्के पेशी विभागणीच्या चक्रात आहेत. बर्किटमध्ये तो १००% च्या जवळ असतो, तरी बर्किट बरा होऊ शकतो.

एक कामाची गोष्ट. सेकंड ओपिनियनला पीडीएफ पुरत नाही. लॅबमधून स्लाइड्स आणि मेणाचा ब्लॉक मागून घ्या. टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी त्या पुन्हा तपासतात. आणि ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, मेणच आहे ते.