वेठीच्या ओझ्यापासून जर्मनीच्या ट्रकपर्यंत

धायरीत आम्ही दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. मागच्या महिन्यात वर्गातला एक ड्रायव्हर मुलगा एजंटचा कागद घेऊन आला. "दादा, जर्मनीला ट्रकवर जायचंय. साडेतीन लाख मागतायत. आईचं सोनं मोडू का?" आम्ही काही बोलायच्या आत एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "बाबासाहेब परदेशी शिकायला गेले, गाडी हाकायला नाही." नव्या कात्रज बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या कंटेनरांवर आपली किती पोरं आहेत, हे काकांना पक्कं माहीत आहे. तरीही ते असं बोलले, म्हणून इतिहास काढावा लागतो.

ओझी वाहणं समाजाला नवं नाही. वतनदार महाराने सरकारी टपाल आणि वसुली तालुक्याला पोचवायची, साहेबाला वाट दाखवायची, मर्तिकाचा सांगावा परगावी न्यायचा. वेळ ठरलेली नाही, करार नाही, मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि बलुतं. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने राबायचं. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणलं, ते याच गुलामीविरुद्ध. पुढे ते मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ वतनं कायद्याने गेली ती १९५८ साली.

त्याआधीच सुटले ते गाव सोडणारे. गोदी, रेल्वे, गिरण्या, पलटण. गिरणीतही विणखात्यात आपल्याला मज्जाव होता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे. तरी पगार रोख होता. लष्करभरती बंद झाली, पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ साली मोडलीही. काम सरलं की माणूस परत, हा अनुभव आजच्या कंत्राटी गोदाम कामगाराला वेगळा सांगायला नको.

आता काकांचा मुद्दा. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, हे खरंच. पण त्या घरात शाळा आली कुठून? रामजी सुभेदार गावकीत अडकले नाहीत, लष्करात नोकरीला गेले, तिथून. शिक्षणाच्या आधी त्या घरात पगार आला होता.

आणखी एक गोष्ट आपल्या भाषणांत क्वचितच येते. १९४१ साली ब्रिटनचे कामगारमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांच्या नावाने एक योजना सुरू झाली. हिंदुस्थानातल्या तरुण कामगारांना तांत्रिक शिक्षणासाठी ब्रिटनला पाठवायचं, तिथल्या कारखान्यांत हात बसवायचा. दिल्लीत ही योजना कामगार खात्याकडे होती आणि १९४२ ते १९४६ त्या खात्याचे मंत्री बाबासाहेब होते. म्हणजे कामगाराने परदेशी जाऊन कसब शिकणं त्यांच्या खात्याचंच काम होतं, आणि त्यासाठी कुणाच्या आईचं सोनं मोडायचं नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. दहा हजार कुशल मनुष्यबळ द्यायचं ठरलं. यादीत परिचारिकांबरोबर बस, ट्राम आणि ट्रकचे चालक आहेत, गोदाम सहाय्यकही आहेत. मात्र आपलं लायसन्स तिथे सहा महिनेच चालतं. नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, पगारावर ट्रक चालवायचा तर वेगळी व्यावसायिक पात्रता. खर्च हजारो युरोंत जातो. तो कोण भरणार, हे करारात लिहून घ्यायचं.

राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीवर राज्य दरवर्षी आपली ७५ मुलं परदेशी विद्यापीठांत पाठवतं. त्या जागा वाढल्याच पाहिजेत. पण चालकाच्या भाषेचा, परवान्याचा आणि परीक्षेचा खर्चही समाजकल्याण खात्याने का उचलू नये? ही मागणी आमच्या एकाही निवेदनात आजवर नव्हती, हा दोष आमचाही आहे.

त्या मुलाला आम्ही कायदा दाखवला. नोंदणीकृत भरती एजंटला सेवाशुल्क म्हणून तीस हजार आणि त्यावर जीएसटी, इतकंच घेता येतं. परवाना क्रमांक ई-मायग्रेटवर तपासता येतो. या एजंटच्या कागदावर क्रमांकच नव्हता. सोनं घरीच राहिलं. आता तो गाडी लावून झाली की रात्री मोबाइलवर जर्मन घोकतो, आणि रविवारी काकाच त्याची उजळणी घेतात.