सलाबतखानाचा मकबरा, शहाडोंगर

सलाबतखानाचा मकबरा : अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यातील निजामशाहीकालीन कौटुंबिक दफनवास्तू. भिंगार मागे टाकून पाथर्डीच्या वाटेने पूर्वेस निघाले म्हणजे शहाडोंगराच्या माथ्यावरील तिची अष्टकोनी आकृती दुरूनच दृष्टीस पडते. नगर शहरापासून अंतर सुमारे १० किमी. व समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ३,०८० फूट. ‘चांदबिबीचा महाल’ या नावाने ती सर्वत्र परिचित असली, तरी चांदबिबीची कबर येथे नाही. ही वास्तू मुर्तझा निजामशाहाचा वजीर दुसरा सलाबतखान याची असून, तळघरातील दोन कबरी त्याच्या व त्याच्या एका पत्नीच्या आहेत. बाहेरच्या चौथऱ्यावरील कबरी त्याच्या कुटुंबीयांच्या मानल्या जातात व त्यांपैकी एक दुसऱ्या पत्नीची असल्याचे सांगतात.

भिंगारच्या परिसरात मृत्यू पावलेल्या काही थोरामोठ्यांना येथील माती कायमची लाभली नाही. भिंगार हे प्राचीन गाव. त्याच्याच लगत अहमद निजामशाहाने १४९४ मध्ये नव्या राजधानीची उभारणी आरंभली आणि त्याच्या कबरीभोवती पुढे बागरौझा हे राजघराण्याचे दफनस्थान झाले. परंतु त्याचा पुत्र बुऱ्हाण याचे अवशेष करबल्यास नेण्यात आले. औरंगजेबाने १७०७ मध्ये याच परिसरातील छावणीत प्राण सोडला (आलमगीर हे स्थान त्या घटनेचे स्मारक होय) आणि त्याचा देह खुलताबादेस नेला गेला. सलाबतखान मात्र स्वतः निवडलेल्या डोंगरावर, आपल्या कुटुंबासह राहिला, ही गोष्ट या वास्तूचा विचार करताना विशेष लक्षात घेण्याजोगी वाटते.

सलाबतखानाने साधारणतः १५७९ पासून १५८८ पर्यंत राज्यकारभार पाहिला. एकांतवासात गुरफटलेल्या मुर्तझाच्या नावाने मुलखाचा बंदोबस्त, वसूल व न्यायनिवाडा यांचा भार त्यानेच वाहिला. आणि त्या काळी नगरच्या दरबारात असलेल्या फरिश्त्याने, बहामनी महमूदशाहानंतर मराठी मुलूख इतका सुव्यवस्थित कधीच नव्हता, अशा आशयाचा अभिप्राय आपल्या इतिहासात नमूद केला आहे. नगरचा फराहबाग त्याच्या देखरेखीखाली पूर्ण झाला आणि भातोडीचा तलावही त्यानेच बांधविला. सुलतानाची मर्जी फिरल्यावर फौज हाताशी असूनही त्याने प्रतिकार केला नाही, कैद निमूटपणे पत्करली. पुढे सुटका होऊन, त्या वेळी सत्ता हाती असलेल्या जमालखानाशी झालेल्या झगड्यात पराभूत झाल्यावर त्याला निवृत्तीची मुभा मिळाली आणि लवकरच, १५८९ मध्ये, त्याचे निधन झाले. सत्ता हाती असताना अहंकार आणि गेल्यावर द्रोह, या दोहोंपासून अलिप्त राहिलेली अशी माणसे दख्खनच्या इतिहासात फार थोडी आढळतात.

वास्तू तीन मजल्यांची व सुमारे ७० फूट उंच असून प्रशस्त दगडी चौथऱ्यावर उभी आहे. बांधणीत अलंकरण जवळजवळ नाही. कमानींची लय, भिंतींची जाडी आणि वरच्या मजल्यांच्या भव्य फिरत्या सज्ज्यांतून खेळणारा वारा, एवढ्यावरच तिचे सौंदर्य अधिष्ठित आहे. सात मजले चढवून माथ्यावरून दौलताबाद दिसावे असा मूळ संकल्प होता, अशी दंतकथा आहे. ती खरी मानण्याचे कारण नसले, तरी माथ्यावरून दिसणारा विस्तीर्ण मुलूख पाहिल्यावर तिचा उगम समजतो. ब्रिटिश अमदानीत उन्हाळ्यात येथे आजारी गोऱ्या शिपायांना हवापालटासाठी ठेवीत. मृतांच्या वर जिवंतांची अशी बिऱ्हाडे थाटणे हा त्या स्थानाच्या गांभीर्याचा अवमानच होता. हल्ली हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. येथे येणाऱ्याने तळघरात उतरून त्या दोन कबरींपाशी थोडे थांबावे, अशी मनापासून इच्छा वाटते.

याच परिसरातील भातोडीच्या रणांगणावर १६२४ मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने मोगल व आदिलशाही फौजांचा पराभव केला. त्या लढाईत, सलाबतखानाने अडविलेल्या तलावाचे पाणी सोडून शत्रूची छावणी हैराण करण्यात आली. शहाजीराजांचे बंधू शरीफजी तेथेच धारातीर्थी पडले व त्यांची समाधी भातोडीस आहे.