टीव्ही गेम

भारतात १९९०च्या दशकात ‘टीव्ही गेम’ म्हणून विकली गेलेली लिटल मास्टरसारखी यंत्रे निन्टेंडोच्या १९८३मधील फॅमिकॉमवर बेतलेली होती: ८-बिट प्रोसेसर, २ किलोबाइट रॅम, ६० पिनांची कॅसेट. त्यांना निव्वळ नक्कल म्हणण्याची रीत आहे. ती अपुरी वाटते. फॅमिकॉम घडला जपानी टीव्हीसाठी, म्हणजे ५२५ रेषा आणि सेकंदाला सुमारे ६० वेळा रंगणारा पडदा. दूरदर्शनची पाल पद्धत मात्र ६२५ रेषांची आणि ५० वेळांची, आणि आपल्याकडचे टीव्ही तिच्यासाठीच बनलेले. मॉड्युलेटर टीव्ही गेमचे चित्र एखाद्या वाहिनीसारखे अँटेनाच्या वायरीतून आत सोडी, त्यामुळे ही चौकट टाळता येत नव्हती.

सर्किट चोरलेलेच होते ना, हा आक्षेप खराच. पण निन्टेंडोच्या स्वतःच्या युरोपीय यंत्रात चित्रचिप आणि प्रोसेसर यांच्या वेगाचे गुणोत्तर ३ वरून ३.२ झाले; तैवानच्या यूएमसीने पाल नकलांसाठी केलेल्या चिपांनी ते ३ वरच राखले. म्हणून जपानी कॅसेटचे पडद्यावरचे बारीक हिशेब सहसा बिघडत नसत आणि स्वरांची पट्टीही जवळपास तीच राही. खेळ तेवढा एक-षष्ठांशाने संथ चाले.