पेशींचे निरोप

शरीरांतील असंख्य पेशी एकमेकींस निरोप धाडतात व त्यांवरच त्यांचें वाढणें आणि मरणें अवलंबून असतें, हें आज शास्त्राचा विद्यार्थी सहज सांगेल. परंतु या ज्ञानाचा एक धागा इटलींतील तुरिन शहरीं एका निजावयाच्या खोलींत सांपडतो, हें थोड्यांसच ठाऊक असेल.

१९३८ च्या वंशविषयक कायद्यांनीं तेथील यहुदी विद्वानांस विद्यापीठांचीं दारें बंद झालीं. तेव्हां रीता लेव्ही-मोंताल्चिनी या बाईंनीं आपल्या खोलींतच प्रयोगशाळा थाटली; शिवणाच्या सुयांना धार लावून हत्यारें केलीं, आणि कोंबडीच्या अंड्यांतील गर्भ तपासले. गर्भाचा अवयव काढला असतां तिकडे जाणाऱ्या मज्जापेशी उपजतात, पण मागाहून मरतात, असें त्यांस दिसलें.

१९४७ सालीं त्या अमेरिकेंत सेंट लुई येथें गेल्या. पुढें त्यांनीं उंदराच्या अर्बुदाचा तुकडा गर्भाबाहेरील पडद्यावर लावला. दोहोंत संबंध केवळ रक्ताचा. तरी गर्भांतील मज्जातंतु भराभर वाढले. अर्थात् अर्बुदांतून कांहीं द्रव्य स्रवत होतें. स्टॅन्ली कोहेन यांनीं तें वेगळें केलें व त्वचापेशींस वाढविणारें दुसरेंही शोधलें. १९८६ सालीं दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें.

वाढीचा निरोप रोगाच्या गांठींतून ऐकूं यावा, हें नवल खरें. त्या दुसऱ्या द्रव्याचा निरोप थोपविणारीं औषधें आज कांहीं कर्करोगांवर देतात. रोग्यास तीं देतांना त्याचा वंश कोणी विचारीत नाहीं.